पाय न भाजणारी बाई

थोरली पाण्याच्या पिंपामागे बसून तांदूळ निवडत होती. आईबापांना वाटलं ती नळावर गेलीय, म्हणून दोघं मोकळेपणाने भांडली.

बाप म्हणाला, "एकीलाच पुढे शिकवणं झेपेल. दोघींचं माझ्याच्याने व्हायचं नाही."

"मग थोरलीला शिकवा. डोकं तिचं चालतं. शाळेतल्या बाई स्वतः घरी येऊन सांगून गेल्या."

"तिचं डोकं चालतं, तसे हातपायही चालतात. धाकटीचं काय चालतं? जरा ऊन लागलं की चक्कर. तिला कामावर कोण उभी करील? ती शिकेल, बसल्या जागी चार घास खाईल. थोरली कुठेही उभी राहील. दणकट आहे ती."

"दणकट आहे म्हणून तिला शिक्षा?"

"शिक्षा कसली त्यात? तब्येत चांगली असणं हे काय वाईट आहे?"

आई बरंच बोलली. तिने सासरचं काढलं, माहेरचं काढलं, एक ताटली आपटली, मग डोळे पुसून बटाटे सोलायला बसली. तिचं भांडण नेहमी बटाट्यांपाशीच संपायचं.

पिंपामागे बसलेल्या पोरीने त्या सगळ्यातून एकच शब्द उचलला. दणकट. तो तिला आवडलाच. घरात कुणी कुणाचं कौतुक करायची पद्धत नव्हती, त्यामुळे एवढासा शब्दही तिला दागिन्यासारखा वाटला. बापाने आपल्याला काहीतरी दिलं, अशीच तिची समजूत झाली. त्याने काय घेतलं ते कळायला पुष्कळ वर्षं जावी लागली, आणि कळलं तेव्हा जाब विचारायला बाप राहिला नव्हता.

शाळा सुटली आणि थोरली लॉन्ड्रीत लागली. धाकटी शिकली, कचेरीत चिकटली, कचेरीतल्याच एका साहेबाशी तिचं लग्न झालं आणि ती लिफ्टवाल्या घरात राहायला गेली. थोरलीचं लग्न एका गवंड्याशी झालं. माणूस हसरा होता, पण परांचीवरून पडून गेला. मागे राहिली एक मुलगी आणि त्याचे जाड तळव्याचे बूट.

लॉन्ड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. हॉटेलांच्या चादरी तिथे ढिगाने यायच्या. पुढच्या खोलीत धुलाईची यंत्रं, मागच्या खोलीत वाफेचा रूळ. पोटात वाफ भरलेलं, माणसाहून लांब असं एक लोखंडी लाटणंच म्हणा ना. एका अंगाला उभी असलेली बाई त्यात ओली चादर घालायची, दुसऱ्या अंगाची बाई ती कोरडी आणि कडक झालेली झेलायची. घालणारीच्या बाजूला फरशीखालून वाफेचा नळ गेला होता. फरशी नुसती रसरसायची. त्यात पायात चपला घालायला बंदी. चादरीची टोकं खाली लोळतात, चपलेचा काळा ओरखडा पांढऱ्यावर बसला की चादर पुन्हा धुवा. म्हणून दाराबाहेर सगळ्यांच्या चपला ओळीने काढलेल्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, आत काहीतरी पवित्र चाललंय.

बायका पायाखाली ओलं पोतं घ्यायच्या. ते सुकलं की एक पाय खाली, एक वर, असा नाच चालायचा, आणि थोड्या थोड्या वेळाने जागा बदलायच्या. घालणारीला पगार जरा बरा होता, तरी त्या जागेवर टिकायचं नाही कुणी.

नवरा गेल्यावर थोरलीने ती जागा मागून घेतली. मुलगी शाळेत हुशार होती आणि तिच्या हुशारीचं आपल्यासारखं होऊ द्यायचं नाही, एवढी एकच गोष्ट थोरलीने मनाशी धरली होती. पहिली काही वर्षं पाय भाजले, फोड आले, घरी आल्यावर मुलगी तिचे पाय बादलीत बुडवून ठेवायची. मग हळूहळू भाजणं कमी होत गेलं. एके दिवशी पायाखालचं पोतं पापडासारखं वाळलं तरी तिला पत्ता नाही.

"अगं ए, तुझं पोतं करपायला लागलंय," झेलणारी पलीकडून म्हणाली. "पाय आहेत की दगड?"

"सवय झाली गं," थोरली म्हणाली आणि आतून फुलली.

त्या दिवसापासून तिचं नाव पडलं दगडीबाई. मुकादमीण तर खूशच झाली. आता जागा बदलण्यात वेळ जायला नको, दिवसभर एकच बाई रुळापाशी. नवीन मुलगी कामावर आली की मुकादमीण तिला थोरलीसमोर आणून उभी करायची. "बघ, हिला बघून घे. काम अंगात मुरलं की असं होतं."

अंगात मुरलं होतं खरं, पण काम नव्हे.

तहान तिला मरणाची लागायची. पण रुळापाशी तहान कुणाला लागत नाही? अंग उतरत चाललं होतं, जुने कपडे लोंबायला लागले होते. झेलणारी म्हणायची, "आम्ही मेलं काही न खाता सुटतो आणि ही बघा, कशी काडी राहिलीय." पुन्हा पुन्हा परसातल्या मोरीकडे जावं लागायचं, त्याचा मात्र त्रास होता. चालू रूळ सोडून जायचं म्हणजे मुकादमिणीची बोलणी. बायकांनी त्याचीही थट्टा करून घेतली. "दगडाला पाझर फुटला गं," कुणीतरी म्हणायचं आणि वाफेत सगळ्या हसायच्या. थोरलीही हसायची. पाझर कमी व्हावा म्हणून तिने पाणी कमी केलं, आणि चक्कर यायला लागली म्हणून चहा वाढवला. चहा लॉन्ड्रीतर्फे होता आणि पाकासारखा गोड. मुकादमिणीला ठाऊक होतं, चहा गोड असला की बाई जेवणाची सुट्टी लवकर आटोपते.

तिकडे धाकटीला शुगर निघाली. कचेरीत दर वर्षी सगळ्यांची तपासणी व्हायची, त्यातच निघाली. अगदी सुरुवातीला, कळीत असताना. झालं, घराने तिला फुलासारखं झेललं. स्वयंपाकघरात वजनकाटा आला. बोटाला टोचायचं यंत्र आलं. पायात घालायला असे बूट आले की चालताना वाटावं गादीवरून चालतोय. साहेब रोज संध्याकाळी तिला बागेत फिरायला न्यायचे. डॉक्टर फोनवर.

लॉन्ड्रीच्या सुट्टीच्या दिवशी थोरली धाकटीकडे जायची. धाकटीच्या घरच्या चादरी ती आठवड्यात रुळाखालून काढून ठेवायची आणि त्या दिवशी पोचवायची. धाकटीला हॉटेलसारख्या कडक चादरी लागत. इमारतीला लिफ्ट होती, पण गठ्ठा घेऊन येणाऱ्याने मागच्या जिन्याने यायचं असा नियम होता. बहीण असली तरी गठ्ठा तो गठ्ठाच.

धाकटी मनाने वाईट नव्हती. तिनेच एकदा सांगितलं, "ताई, तूही तपासून घे. आईला होती, मला झाली. रक्तात असते ही."

थोरली खो खो हसली. "मला कुठून होणार, बाई? साखर अंगात साठायला आधी पोटात तर जायला हवी. भरल्या घरचा आजार तो. तुम्ही बसून खाता, तुम्हाला होतो. मी तर दिवसभर उभी."

"तेही खरंच म्हणा," धाकटी म्हणाली. "तुझ्यासारखं काम असतं तर मला बागेत जायला लागलं नसतं."

दोघींना ते पटलं. आईला दुखणं होतं तेव्हा आई काही भरल्या घरची नव्हती, हे दोघींपैकी एकीलाही आठवलं नाही. आणि मग धाकटीने कपाटातून मिठाईची खोकी काढली. साहेबांना कामाच्या निमित्ताने लोक खोकी आणून देत. "ही घेऊन जा गं. घरात राहिली की माझा हात जातो. डॉक्टर ओरडतात."

असं ते ठरूनच गेलं. दर आठवड्याला कडक चादरी वर जायच्या आणि गोड खोकी खाली यायची. धाकटीच्या घरातली साखर अशी जिन्याने उतरून थोरलीच्या घरी राहायला आली. मुलगी एखादा तुकडा खायची. बाकीची थोरली डब्यात घालून कामावर न्यायची आणि दुपारी जेवणाऐवजी खायची. चुलीपाशी बसायला नको आणि पोटालाही आधार. वाया घालवणं तिला जमतच नव्हतं.

मग ती पिनेची गोष्ट झाली.

त्या दिवशी रुळातून एक चादर डाग घेऊन बाहेर आली. झेलणारीने ती उजेडात धरली. टोकाशी तांबूस डाग, ओला असतानाच रुळाखाली गेल्याने वाळून पक्का बसलेला. मुकादमीण धावत आली.

"रक्त कुणाचं आहे हे? हात दाखवा सगळ्यांनी."

हात दाखवले. सगळे स्वच्छ.

"पाय दाखवा."

बायका एकमेकींच्या खांद्याला धरून तळवे वर करून उभ्या राहिल्या. थोरली मात्र तशीच. "माझं नसेल हो," ती म्हणाली. "मला कुठे काही दुखत नाही."

"दाखव म्हटलं ना."

तिने पाय उचलला. अंगठ्याच्या बुडाशी केसांची पिन घुसली होती. नुसतं डोकं बाहेर, बाकी सगळी आत. एखाद्या हॉटेलातल्या बाईच्या डोक्यातून चादरीत, चादरीतून फरशीवर, फरशीवरून इथे. झेलणारीने तोंडावर हात घेतला. तिने चिमटीत धरून पिन ओढली तेव्हा तिचाच चेहरा कळवळला. थोरली कुतूहलाने वाकून बघत होती, जणू दुसऱ्या कुणाचा पाय.

"तुला कळलं नाही?" झेलणारीने हळूच विचारलं.

"नाही की."

दगडीबाई म्हणायचं त्या दिवसापासून आपोआप बंद झालं. मुकादमीण म्हणाली, "चादर गेली कामातून. पाय बांध आणि उभी राहा. पोत्यावर राहा, फरशीवर नको."

थोरलीने जुन्या चादरीची पट्टी फाडून बांधली. जखम बुजेना, पण दुखेनाही. दुखत नाही म्हणजे भरून येतेय, असा तिने अर्थ लावला. आयुष्यभर तिला दुखण्यावरूनच दुखणं कळलं होतं, दुसरी मोजपट्टी कुणी दिली नव्हती. पट्टीवर पिशवी बांधून ती रोज रुळापाशी उभी राहायची. शेवटी वास मुलीला आला. आधी तिने घरभर मेलेला उंदीर शोधला. मग आईच्या पायापाशी येऊन थांबली.

मुलीने तिला ओढतच दवाखान्यात नेलं. रांग दारापर्यंत होती. तिथली डॉक्टर तरुण होती, दमलेली होती, पण आवाज चढवणारी नव्हती. तिने पट्टी सोडली, बोटाने इथेतिथे दाबलं.

"इथे कळतंय का, मावशी?"

"नाही."

"इथे?"

"तुम्ही दाबताय का?"

डॉक्टरने मुलीकडे पाहिलं. मग रक्त काढलं. आकडा बघून म्हणाली, "ही शुगर आजची नाही. बरीच वर्षं आहे. घरात कुणाला आहे?"

"आईला होती. बहिणीला आहे. पण ते लोक चांगले आहेत," थोरली म्हणाली. म्हणजे खाऊनपिऊन चांगले, असं तिला म्हणायचं होतं.

मुलीने गरम फरशीचं आणि न भाजणाऱ्या पायांचं सांगितलं तेव्हा डॉक्टर म्हणाली, "शुगरने पाय बधिर होतात, मावशी. तुमचे पाय भाजायचे बंद झाले ना, तेव्हाच यायला हवं होतं."

सबंध लॉन्ड्रीत थोरलीचं जे एकच कौतुक होतं, ते कौतुकच आजार निघालं. वाईट वाटलं ते अंगठ्याचं नव्हे, ह्याचं. घरी जाताना ती मुलीला म्हणाली, "मला वाटलं, मी दणकट आहे." मुलीला काही समजलं नाही. तिने आईचा दंड घट्ट धरला.

अंगठा काढावा लागेल, कदाचित अर्धं पाऊलही, असं डॉक्टरने सांगितलं होतं. भरती व्हायचा दिवस दिला. थोरली मुकादमिणीकडे सांगायला गेली.

"जागा किती दिवस रिकामी ठेवू?" मुकादमीण म्हणाली. वाईट तिलाही वाटत होतं, पण रुळाला वाटत नाही ना. "असं कर, पोरीला पाठव. तू उठेपर्यंत तिला उभी करते. तुझी जागाही राहील आणि घरातही चालू राहील काहीतरी."

"तिची शेवटची परीक्षा आहे ह्या वर्षी."

"परीक्षा काय पुढच्या वर्षी नसते? धडधाकट पोरगी आहे. शिकेल चटकन."

घरी मुलगी तर तयारच होती. "जाते ना मी, आई. त्यात काय? तू बरी झालीस की परत शाळा."

थोरलीला त्या 'परत'चा भरवसा नव्हता. परत शाळेत गेलेली बाई तिने लॉन्ड्रीत एकही पाहिली नव्हती. मुलगी घरात एकटी राहिली, चूल थंड दिसली, की दुसऱ्याच दिवशी दाराबाहेरच्या ओळीत तिच्या चपला दिसतील, हे तिला स्वच्छ दिसत होतं. पोरीला दुसऱ्या कुणाच्या तरी घरी ठेवायला हवं होतं, जिथे दोन घास आणि एक टेबल असेल. असं घर तिच्या ओळखीत एकच. आणि त्या घराकडे तिने जन्मात काही मागितलं नव्हतं. दिलं ते घेतलं होतं, मागितलं नव्हतं.

भरती झाल्यावर ती पुन्हा त्या दवाखान्याबाहेर आली नाही. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत, मग तीच. ते लांबवून सांगण्यात काही हाशील नाही. सांगायचं ते भरतीच्या आदल्या दिवसाचं. तो सुट्टीचा दिवस होता आणि चादरी तयार होत्या.

पायाला मोठी पट्टी होती, चपलेत पाय मावेना. तिने नवऱ्याचा बूट काढला, त्यात पाय घातला, दुसऱ्या पायात आपली चपल, आणि काखेत गठ्ठा. मागच्या जिन्यावर ती प्रत्येक वळणावर थांबली. धाकटीने दार उघडलं आणि पहिल्यांदा बूटच पाहिला.

"हा काय अवतार, ताई?"

थोरलीने सांगितलं. थोडक्यात सांगितलं, दुसऱ्याची बातमी सांगावी तसं. धाकटी मटकन खुर्चीत बसली. तिच्या पायात ते मऊ बूट होते, फिरायला निघायच्या बेतात होती.

"मी म्हणत होते तुला, तपासून घे," ती रडत म्हणाली. "म्हणत होते की नाही?"

"म्हणत होतीस."

"आणि मी वेडी तुला खोकी देत होते."

"मी खात होते. तू काय माझ्या तोंडात घातलीस?"

"आमच्या डॉक्टरांना फोन लावते. आत्ता लावते."

"लाव हवा तर. पण पायाचं आता जे व्हायचं ते होईल. मी पोरीचं बोलायला आलेय." थोरली उभीच होती. ह्या घरात ती कधी बसली नव्हती, बसायचं कसं हे आता सुचेना. "तिला इथे ठेव. परीक्षा होईपर्यंत."

धाकटीने डोळे पुसले. "एवढंच ना? ठेवते की. तिची मावशी नाही का मी? उलट बरंच होईल. आमची कामवाली गावाला गेलीय, हाताशी कुणीतरी असेल. सकाळचं तेवढं..."

"नाही," थोरली म्हणाली.

"काय नाही?"

"हाताशी नाही. सकाळचं नाही, संध्याकाळचं नाही. तिला एक टेबल दे आणि जेवायला दे. ताटसुद्धा तिचं तिने उचलू नये असं मी म्हणत नाही, पण दुसऱ्याचं उचलायचं नाही."

धाकटीचा चेहरा उतरला. "म्हणजे मी तिला राबवीन असं वाटतं तुला? माझ्या भाचीला?"

"तू नाही गं राबवणार. घर राबवतं. तू फक्त बसलेली असशील आणि ती उठेल, पाणी आणील, झाडू घेईल, तिला सवयच आहे. तेव्हा तू म्हणायचंस, बस खाली. एवढंच काम आहे तुला. रोजचं. तेवढं मला तोंडाने सांग."

आतून साहेबांनी विचारलं, "निघायचं ना? उजेड आहे तोवर जाऊन येऊ."

धाकटीने आतल्या खोलीकडे पाहिलं, मग बहिणीकडे. आयुष्यात पहिल्यांदा थोरली तिच्याशी ताठ मानेने बोलत होती आणि त्याचा तिला रागही येत होता, लाजही वाटत होती. दोन्ही गोष्टी तिच्या तोंडावर दिसत होत्या.

"म्हणेन," ती शेवटी म्हणाली. "बस खाली, म्हणेन."

"रोज?"

"रोज म्हणेन, ताई. आता तूही बस जरा."

"बसते कुठली. चादरी लावायच्यात अजून."

चादरींचं कपाट धाकटी दुसऱ्या कुणाला लावू देत नसे. थोरली लंगडत आत गेली. जुन्या चादरी वर काढल्या, नव्या खाली घातल्या, दुमड पुढे आणि कडा मागे. उशांचे अभ्रे वेगळ्या खणात. जिन्यावरच्या थांबण्यात एक अभ्रा चुरगळला होता. तो तिने फळीवर ठेवून तळहाताने दाबला, पुन्हा दाबला, सपाट झाला तेव्हा वर ठेवला. कपाट लावून घेतलं. मग न्हाणीघराशी पडलेल्या मळक्या चादरी गोळा केल्या, त्यातल्याच एका चादरीत त्यांचा गठ्ठा बांधला, गाठ ओढून पाहिली, गठ्ठा काखेत घेतला आणि मागच्या जिन्याने उतरायला लागली.